मिरजेच्या वेशीवरची चिंच

कावेरीआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत टी. नगरच्या एका दुकानात होणाऱ्या सुनेसाठी साड्या बघत होते. नवऱ्याचा, रघूचा फोन. तो एवढंच म्हणाला, "आत्या दुपारी झोपली, ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोरचा माणूस साड्यांमागून साड्या उलगडत होता आणि मी त्याच्याकडे नुसती बघत होते. मग मला एकदम सुचलं ते असं, की आता लग्नात वाटेचं गाणं कोण म्हणणार? माणूस गेल्याच्या बातमीवर हे सुचावं, याची मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही. आमच्या घरात आत्या आणि ते गाणं वेगळं काढताच यायचं नाही.

कावेरीआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. तंजावरचं मराठी घराणं, पुढे चेन्नईत आलेलं. नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे तिच्यासोबतच राहत होतो. सरकारी कचेरीत कारकुनी करून ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. हॉलमध्ये सागवानी फळीचा झोपाळा आहे, त्याला घरात ऊंजल म्हणतात. त्याच्या डाव्या टोकाला बसायचं हा आत्याचा हक्क. तिथलं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालं आहे. घरात नवी सून यायची असली की लग्नाआधी तिला एकदा त्या झोपाळ्यावर बसवायचं, आत्याने तिच्या शेजारी बसायचं, आणि आपली माणसं कुठून कशी इकडे आली ती गोष्ट सांगायची. गोष्टीत मुक्काम येतात आणि प्रत्येक मुक्कामाला दोन ओळी गायच्या. एक बाई लष्करामागून चालत निघते, डोक्यावर जातं घेऊन. नदी लागते, घाट लागतो, जिंजीचा किल्ला लागतो, तंजावर येतं, आणि शेवटी आमचं हे चेन्नईतलं घर. दर मुक्कामाला सगळ्या बायकांनी मिळून म्हणायचं:

"चाल बाई चाल, मागें नको पाहूं
डोईवर जातें, हळू पाय ठेवूं"

मी मिरजेची. रघूशी ओळख नोकरीतली. पहिल्यांदा या घरात आले तेव्हा मी मनातून घाबरले होते. भाषा मराठीच, पण तमिळ हेल काढून बोललेली, निम्मी कळायची, निम्मी डोक्यावरून जायची. आत्याने हाताला धरून मला झोपाळ्याकडे नेलं. "अगे, बस की. पाय खालीं सोड." मग कॉफी हलवता हलवता तिने विचारलं, "तुमच्या गांवाच्या वेशींत काय आहे?" मला वाटलं, वडीलधारं माणूस काहीतरी बोलायचं म्हणून बोलतंय. मी म्हटलं, चिंच आहे, मोठी. आम्ही शाळेतून येताना तिथे थांबायचो. "आंबट की गोड?" आंबट, मी म्हटलं. "सरि," म्हणजे बरं, ती म्हणाली आणि पायाने झोपाळ्याला रेटा दिला. आणि गाणं सुरू झालं ते असं:

"मिरजेच्या वेशीं चिंच बाई आंबट
तिथून निघाली माय, धरिली पायवाट"

मी रडले. अगदी हुंदके देऊन रडले. एवढ्या लांब, समुद्राकाठच्या या शहरात, परक्या घराच्या जुन्या गाण्यात माझं गाव! मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मूळचे आमच्या मिरजेचे?" आत्या शांतपणे म्हणाली, "होय की."

माझ्या वडिलांना मी त्याच दिवशी फोन केला. ते इतके खूश झाले की पुढे कित्येक महिने भेटेल त्याला सांगत होते, आमची मुलगी लांब गेलीच नाही हो, आपल्याच माणसांत गेली. आईला माझी काळजी वाटली की तेच तिला समजावायचे. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात तेच होतं...

आत्या माझ्याशी कधी सासूसारखी वागली नाही. कचेरीतून येताना माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणायची आणि तो मला माळता येत नाही म्हणून हसायची. माझ्या मुलाला, अनंतला, तिने त्याच झोपाळ्यावर गोष्टी सांगून जेवू घातलं. आज तो इंग्रजीत विचार करतो आणि तमिळमध्ये भांडतो, पण "चाल बाई चाल" मात्र सुरात म्हणतो. एकदा मी तिला विचारलं होतं, आत्या, तुमच्यासाठी हे गाणं कोणी म्हटलं? ती म्हणाली, "मज कोठें जायचें होतें?" आणि उठून गॅस बंद करायला गेली. गॅस चालू नव्हता.

अनंतचं लग्न ठरलं तेव्हा ती खूप थकली होती. मुलगी कयल, अनंतच्याच ऑफिसमधली. आत्याने विचारलं, "कोठली?" मी म्हटलं, गुम्मिडिपूंडीची, वडील तिथल्या औद्योगिक वसाहतीत फोरमन आहेत. "तिथें काय आहे?" कारखाने आहेत, आत्या, आणखी काय असणार? ती ओठ हलवत राहिली, मग मान हलवून म्हणाली, "कारखाना नको. दुसरें कांहीं आहे काय, विचार तिला." माझं डोकं सणकलं. इतक्या मोकळ्या मनाच्या बाईला शेवटी कारखान्यातल्या माणसाची मुलगी नको झाली? मी उठून स्वयंपाकघरात निघून गेले. त्यानंतर आम्ही खूप बोललो, पण त्याबद्दल नाही.

तेराव्याला सगळे जमले. लग्न पुढे ढकलू नका असं आत्याच सांगून ठेवून गेली होती, त्यामुळे जेवणं झाल्यावर विषय निघाला तो गाण्याचा. आता घरात थोरली मीच, म्हणजे म्हणायचं मी. मी म्हटलं, मला येतं, आणि सुरुवात केली, "मिरजेच्या वेशीं..." तर माझी धाकटी जाऊ वीणा म्हणाली, "मिरज कुठून आणलंत वहिनी? धारवाड ना! धारवाडच्या वेशीं वाहे बाई झरा." वीणा धारवाडची. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. "तुझ्या वेळी मी कुठे होते?" मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही बाळंतपणाला माहेरी होतात. मग रघूची मदुरैची चुलत वहिनी हळूच म्हणाली की तिला म्हटलं तेव्हा माय मदुरैच्या देवळापासून निघाली होती. आता बोला! मदुरै तंजावरच्याही खाली. तिथून निघालेली बाई जिंजीला कशाला वळसा घालेल?

मी रघूवर घसरले. तुझं मूळ गाव कुठलं, सांग. तो म्हणाला, ठाऊक नाही. बाबा सांगायचे, वरून कुठून तरी आलो. तू माझ्या तोंडून वर्षानुवर्षं मिरजेचं कौतुक ऐकलंस, तेव्हा का बोलला नाहीस? "मला वाटलं, खरंच असेल," तो म्हणाला. या माणसाला काय म्हणावं?

पुढचे कित्येक दिवस मला काही सुधरेना. कधी वाटे, मला फसवलं. माझ्या वडिलांनाही फसवलं, आणि त्यांना आता कोण सांगणार? कधी वाटे, बरं झालं त्यांना कळलं नाही. कधी त्या बाईचा इतका राग यायचा की तिच्या फोटोकडे पाठ करून बसायचे, आणि मग पाच मिनिटांत तिची इतकी आठवण यायची की राग कुणावर होता तेच विसरायचे. ज्याला आपण आपला वारसा म्हणून कवटाळलं ते तिने कॉफी हलवता हलवता रचलं असेल, तर मग आपल्याकडे राहिलं काय? पण मग वीणा, मदुरैची वहिनी आणि मी, तिघींनी पुढचं गाणं म्हणून बघितलं तर ते अक्षर न अक्षर एक. ती नदी, तो घाट, ते जातं. त्यातले काही शब्द तर आम्हा तिघींपैकी कुणालाच कळत नाहीत. ते आत्याने रचलेले नाहीत, एवढं नक्की. म्हणजे फक्त पहिला मुक्काम बदलता. असा तो बदलायचा, हे तिला तिच्या आत्याने शिकवलं होतं का? की ती जागा कधीच हरवून गेली होती, आणि दर सुनेचं गाव तिथे बसवून ती वेळ निभावत होती? मला ठरवता येत नाही. अजूनही येत नाही.

परवाच्या रविवारी कयलला घरी बोलावलं. वीणा आली होती. कयल झोपाळ्यावर बसली, ओढणी सावरत, माझ्यासारखीच घाबरलेली. डावीकडची जागा आम्ही मोकळीच ठेवली, मी उजवीकडे टेकले. कुठून सुरुवात करायची ते मी ठरवलंच नव्हतं. मिरज म्हणायला जीभ रेटत नव्हती, धारवाड वीणाचं. हातात कॉफी होती, ती हलवता हलवता मी तिला तमिळमध्ये विचारून बसले, "तुमच्या गावात शिरताना काय लागतं गं?"

ती म्हणाली, कारखाने. आणि कॉफीतला माझा चमचा थांबला. आत्या ओठ हलवत होती ते... ती गाणं जुळवत होती! कारखाना त्यात बसेना, म्हणून तिला दुसरं काही हवं होतं. मुलगी तिला हवीच होती.

"ते नको," मी म्हटलं. "दुसरं काही?"

कयलने विचार केला. मग हसली. म्हणाली, रेल्वेचं फाटक आहे, कधी बघावं तेव्हा बंद. तिथे एक आजी ताडगोळे सोलत बसते. शाळेतून येताना फाटक बंद असलं की आम्हाला आनंद व्हायचा.

"गोड असतात?"

"खूप."

मी पायाने झोपाळ्याला रेटा दिला.

"फाटकाच्या पाशीं ताडगोळे गोड
तिथून निघाली माय, गांवाची सोडी ओढ"

वीणाने कयलला ओळींचा अर्थ तमिळमध्ये सांगितला आणि डोळे पुसत "चाल बाई चाल" धरलं. आतून अनंतही म्हणू लागला. नदी झाली, घाट झाला, तंजावर झालं, आणि माय आमच्या दारात पोचली. कयल रडत होती. झोपाळ्याची कडी कुरकुरत थांबली तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "म्हणजे तुमची माणसं आमच्याच गावाहून आली?"

सवयीने मी झोपाळ्याच्या डाव्या टोकाकडे पाहिलं. पॉलिश उडालेल्या त्या लाकडावर दुपारचं ऊन पडलं होतं. खरं काय ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

"होय की," मी म्हटलं.