दोन वेढे

आधीच सांगते, भुताखेतांची हौस म्हणून मी हे लिहीत नाहीये. बोईसरच्या एका लहान प्रसूतिगृहात मी एकवीस वर्षं नर्स आहे. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, पपईच्या एका फोडीने गर्भ पडला, पोट टोकदार म्हणजे मुलगाच... रोज तेच. समजावून समजावून जीव मेटाकुटीला येतो. हल्ली मी नुसती मान हलवते आणि बीपी घेते.

माझं माहेर एडवणला, मासेमारीचं घर. गेल्या वर्षी भावजय दर्शना गरोदर होती आणि अंगणात भावाचं जाळं पसरलेलं. आई तिला तिकडून जाऊच देईना.

"दोर ओलांडू नको गो, पोराच्या गल्यात नाळ अडकते."

मी वैतागले. "आये, नाळेचा नि दोराचा काय संबंध? दर्शना, खुशाल ओलांड."

दर्शना हसत ओलांडून गेली.

दिवस भरले आणि एका सकाळी दर्शनाला आमच्याच दवाखान्यात आणली. अकराच्या सुमारास बाळाचे ठोके घसरायला लागले. डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफी केली — मानेभोवती नाळेचे दोन वेढे. "सीझरची तयारी करा," म्हणाल्या. इतकी बाळंतपणं केलीत मी, पण त्या दिवशी तयारी करताना अंगणातलं ते जाळंच डोळ्यांपुढे येत होतं. 'खुशाल ओलांड' म्हणणारी मीच ना! भावाला मी काहीच न सांगता रक्त आणायला पालघरला पिटाळलं होतं. वेढ्यांचं मॅडम आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, दर्शनालाही नाही.

भूल देणारे डॉक्टर पोचायच्या आतच ठोके सुधारले. एकशे चाळीस! पाऊण वाजता नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी. नाळ मानेभोवती नव्हतीच. मॅडम म्हणाल्या, बाळ हललं की सुटतात कधी कधी. खरं आहे, मीही पाहिलंय.

घरी थांबलेल्या आईला मी फोन लावला. "आये, अगं—"

"दोनी येढे सुटले ना गो?"

मुलगी झाली, एवढंच सांगून मी फोन ठेवला.

संध्याकाळी एडवणला गेले. बाळंतपण अडू नये म्हणून घरातल्या गाठी सोडतात, कुलपं उघडतात, हे माहीत होतं. पण आईने पोती, पडदे तर सोडलेच, वर भावाचं अख्खं जाळंही दोरापासून सोडवून ठेवलं होतं. शेकडो गाठी. बोटं सोलवटलेली.

"दोन कसे कळले तुला?"

"सगल्या गाठी सुटल्या, दोन सुटत नव्हत्या. मंग त्या पन सुटल्या."

"किती वाजता?"

"घड्याल कोन बघते?"

मी तिच्या बोटांना मलम लावत होते, तेव्हा ती सहज म्हणाली, "तुज्या आधी एक पोरगा झालेला माला. त्याच्या गल्यात दोन येढे होते. तवा गाठी सोडाला कोनी नवता."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तिच्या तोंडावर किती हसले असेन! तेव्हाचं मनात होतं म्हणून ती दोन म्हणाली असेल का? असेल. पण वेढे पडलेत आणि सुटलेत, हे तिला कुणी सांगितलं? मला माहीत नाही. शोधायचं त्राणही आता नाही.

"नाव काय ठेवलेलं त्याचं?" मी विचारलं.

"नाव ठेवाला रडाला तरी पायजे ना, बाय."