न दिसणाऱ्या उजेडातली एक रेघ

लेझरवाले चार जण भेटले की शोधांबद्दल कुणी बोलत नाही. शोध मोजके, फजित्या ढीगभर!

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होतो. म्हणजे होत नव्हती, तरी करत होतो. आमचा लेझर डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड उजेड फेकायचा, तोही एकाच वेळी दोन तरंगलांबींचा. मधला प्रिझम केसभर फिरवून त्यातली एकच ठेवायची, एवढंच माझं काम. किरण मोजणाऱ्या डिटेक्टरला जोडलेलं पेन ग्राफच्या कागदावर दोन डोंगर काढायचं, दर तरंगलांबीचा एक. ज्या दिवशी एकच काढेल, त्या दिवशी मी डॉक्टर!

* * *

मंद्रूपहून वडील लॅब बघायला आले.

"काय करतुयास रं हितं?"

"अण्णा, उजेडातनं एक रंग निवडतोय."

"कंचा?"

"त्यो दिसत न्हाय."

अण्णा टोपी घालून निघाले. घरी जाऊन आईला म्हणाले, "पोरगं लई शिकलं आन् वाया गेलं की!"

* * *

एकदा सकाळपासून किरण डिटेक्टरवर पडेचना. मी आरसे बदलले, जोडीदार बशीरशी भांडलो. तेवढ्यात जळका वास आला. किरण माझ्या डब्याच्या पिशवीवर पडत होता. पिशवीला भोक, आत शेंगाचटणी!

बशीर म्हणाला, "लो मियाँ, तुमारा डिटेक्टर मिल गया!"

* * *

पंखा लावला की प्रिझम थरथरायचा, बंद केला की आम्ही वितळायचो. मे महिन्यात आम्ही दोघं बनियनवरच काम करायचो. एकदा प्राचार्य अचानक पाहुणे घेऊन आले. आम्ही टेबलाखाली!

रिकाम्या खोलीकडे बघत प्राचार्य अभिमानानं म्हणाले, "इथलं सगळं संशोधन इन्फ्रारेड आहे. त्यामुळे दिसत काहीच नाही!"

* * *

शेवटी दिल्लीचे परीक्षक आले. त्यांच्यासमोर दोन डोंगर निघाले असते, तर मी थेट मंद्रूपला ज्वारी पेरायला. आणि आदल्या दिवसापर्यंत दोनच निघत होते! रडू यायचं बाकी होतं.

माझे गाइड बिराजदार सर भलतेच कडक. "काचेला बोट लावलंस तर बोट तोडीन," हे त्यांचं रोजचं. त्या सकाळी सर हातात ताट घेऊन आले, नारळ ठेवला, हात जोडले आणि कुंकवाचं बोट थेट प्रिझमवर टेकवलं!

"सर, काचेवर?"

"गप्प बस. बाकीचे उपाय संपलेत."

पुसावं तर प्रिझम आणखी हलणार. तोवर परीक्षक दारात.

लेझर सुरू केला. पेन वर चढलं, खाली आलं आणि सरळ चालत राहिलं. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा एकच डोंगर!

परीक्षकांनी माझा हात दाबला. "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर!" मग चष्मा वर करून ते प्रिझमवर वाकले.

"व्हेरी इंटरेस्टिंग. ये रेड कोटिंग... इंपोर्टेड?"

मी सरांकडे बघितलं. सर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"नो सर," ते म्हणाले, "पंढरपूर!"