साठ वर्षांचं कुलूप

जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून नेटवर टाकणारा आमचा ग्रुप तिघांचाच: मी, ओंकार आणि नेहा. अड्डा दादरला, नेहाच्या घरी. पुस्तकं कमी जमली, धास्तीचे किस्सेच जास्त! कायदा म्हणतो, लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा. कागदाला हे कुणी सांगितलेलं नाही.

*

ओंकारला एकदा अनोळखी फोन आला. "अ‍ॅडव्होकेट बोलतोय." पठ्ठ्याने घाबरून लॅपटॉप बंद केला, वायर उपटली, वर चादर टाकली!

वकिलांना एवढंच विचारायचं होतं, "आमच्या आजोबांच्या कविता घ्याल का?"

ओंकारने चादर तरीही काढली नाही.

*

गिरगावात एका लेखकाच्या मुलांकडे परवानगी मागायला गेलो. दोन भाऊ, एकमेकांशी अबोला. थोरले म्हणाले, "माझी हरकत नाही. पण धाकट्याची नसेल, तर माझी आहे!"

*

लालबागच्या एका गिरणी कामगाराने संपावर लिहिलेलं पुस्तक आम्हाला रद्दीत मिळालं. स्कॅन करणार, तोच नेहाच्या आईने पंखा लावला. अर्धं पुस्तक खोलीभर!

"आई, हलू नकोस! पायाखाली पान आहे!"

आई एका पायावर उभी. पान उचललं, तर बोटांत भुगा.

"कॉपीराइट संपेपर्यंत हे उरणारच नाही रे," ओंकार म्हणाला. नेहाने पंखा बंद केला.

*

त्या गिरणी कामगाराची सून चिंचपोकळीला चाळीत राहते. तिच्याकडे धड प्रत होती. मी तावातावाने सुरू झालो, "काकू, साठ वर्षं म्हणजे अन्याय आहे! परवानगी द्या, नाहीतर तुमच्या सासऱ्यांचं पुस्तक जगात कुठेच राहणार नाही!"

काकूंनी आधी दार लावलं.

"हळू बोल रे झिला. तेच्यात संप फोडणाऱ्यांची नावां आसत. पयला नाव बाजूच्या तात्यांच्या बापाशीचा."

"पण ते खरं आहे ना?"

"खरा आसा म्हणानच भिया वाटता. दार उघडला की समोर तेच. तुमचो कायदो आसा तोपर्यंत माका 'नाय' म्हणूक येता. ऱ्हवांदे."

रिकाम्या हाताने बाहेर पडलो. बाजूच्या दारात तात्या उभे होते. जिन्यापर्यंत आमच्यासोबत आले, मागे वळून काकूंच्या बंद दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

"कॉपीराइट संपायला अजून किती वर्षं आहेत हो?"