कावेरीच्या नर्सबाई

नर्सबाईंसारखं जेवताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. ओसरीवर मांडी घालून बसायच्या, पितळी डब्याचं झाकण बाजूला ठेवायच्या आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडला की डोळे मिटून घ्यायच्या. पिठल्यातली मिरची लागली की "हाय हाय" म्हणत पुन्हा तीच मिरची उचलायच्या. समोर कोण बसलंय, कोण बघतंय, कशाची फिकीर नाही. अंबडच्या सरकारी दवाखान्यातली ही पन्नाशीची ख्रिस्ती विधवा सव्वा वर्ष रोज दुपारी आमच्या घरी येऊन अशी जेवली, म्हणून माझी बायको जगली. आणि त्या सव्वा वर्षात मी त्यांचा जितका मत्सर केला, तितका आयुष्यात कुणाचा केला नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. मी मुन्सफी कोर्टात कारकून होतो. उर्दू कागद लिहायचं काम, म्हणून गाव मला मुन्शीजी म्हणे. घरात आई, मी आणि कावेरी. लग्नाला तीन वर्षं झालेली, कावेरी एकवीस-बावीस वर्षांची. तिनं चातुर्मासात एकभुक्त धरलं, तेव्हा आळीतल्या बायका आईला म्हणाल्या, "सून मोठी धार्मिक मिळाली तुमाला." कार्तिकी झाली, चातुर्मास संपला, कावेरीचं एकभुक्त काही संपलं नाही. मग सोमवार आले, शनिवार आले, निर्जळी आली. सैपाक मात्र ती दुप्पट करायची. आम्हाला आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः ताकाचा पेला घेऊन उठायची. गरज नसताना विहिरीवर खेपा घालायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत चढायला लागल्या. बाहेर बसणं बंद झालं तेव्हा आईला वाटलं, दिवस गेले. आईनं ओटी भरायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं. आणि कावेरी म्हणायची, "मला काय धाड भरली? मी बराबर हाये."

आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. हकिमाचं माजून झालं, वैद्याचे आसव झाले, वडीगोद्रीच्या एका बाबाचा अंगारा झाला. मी रोज ताटासमोर बसून शपथा घालायचो. एकदा संतापून ताट भिरकावलं. तिनं शांतपणे भात गोळा केला आणि मला दुसरं ताट वाढलं. एका सकाळी विहिरीच्या पायरीवरच ती पडली, तेव्हा मी धावत दवाखान्यात गेलो आणि नर्सबाईंना घेऊन आलो.

त्यांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं. दार लोटलेलं होतं, मी कान लावून उभा. मला वाटलं, आता विचारतील, का जेवत नाहीस? त्यांनी विचारलं, "थंडी वाजती का गं लई?"

कावेरी रडायला लागली. आमच्या घरात आल्यापासून मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. भर वैशाख होता, ती दोन गोधड्या घेऊन निजत होती आणि थंडी वाजते का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दाराबाहेर उभ्या उभ्या मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. ही कोण बाहेरची बाई, आणि हिच्यापुढं एवढं रडू येतं!

बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "मुन्शीजी, हा उपास न्हाई, आजार हाये. पोटाचा बी न्हाई, मनाचा हाये. औषधाच्या बाटलीत हे बसत न्हाई. मी रोज येत जाईन, तिच्यासंग जेवीन. पन तिला विचारलंय मी, ती हो म्हनली म्हनून. ती न्हाई म्हनली असती तर तुमी सांगून बी आले नसते."

ख्रिस्ती बाईनं ओसरीवर बसून सुनेबरोबर जेवायचं, हे आईला कसं चालावं? दोन दिवस ती ओसरीकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः ओसरी सारवली. शेजारीण काहीतरी बोलली, तर आई म्हणाली, "मेलेल्या सुनेला कोन्त्या सोवळ्यात बसवू मी? सांग."

नर्सबाईंची शिस्त कडक होती, पण ती कावेरीपेक्षा आम्हालाच जास्त होती. जेवणावर बोलायचं नाही. जेवताना तर बिलकुल नाही. वाळलीस म्हणायचं नाही, आणि भरलीस तर चुकूनही म्हणायचं नाही. दवाखान्याच्या काट्यावर त्या कावेरीला भिंतीकडं तोंड करून उभी करत आणि आकडा स्वतःपाशी ठेवत. मी पहिल्या आठवड्यात दाराआडून डोकावत होतो, तर म्हणाल्या, "तुमी तिच्या ताटाकडं बघून राह्यले. तिच्याकडं बघा की."

दोघी बोलत काय, तर काहीही. कपाशीला बोंडं किती धरली, अंतरवालीकडच्या माहेरच्या शेतात रानडुकरं कशी शिरली, कोणता टाका कसा घालायचा. मधेच नर्सबाई विचारत, "आज सवत काय म्हनती?" कावेरीच्या मनात जो आवाज तिला जेवू देत नव्हता, त्याला त्यांनी सवत म्हणायला सुरुवात केली होती.

"म्हनती, चतकोरच खा. जास्त खाल्लं तर तू कुनीच न्हाई."

"असं? आन् तू काय म्हनती?"

मग कावेरीचा बारीक आवाज, "मला भूक लागलीय."

"मंग सवतीला म्हन, पाव्हनी बसलीय, मागून ये."

आणि दोघी हसल्या. दुपारच्या सुट्टीत घरी आलेला मी ते हसणं ऐकून कोर्टात परतलो आणि संध्याकाळपर्यंत एकही कागद सरळ लिहिला नाही. मी तीन वर्षांत तिला हसवायला काय कमी केलं होतं? जालन्याहून चमेलीचं तेल आणलं, रेशमी खण आणला. नर्सबाई आणायच्या डब्यात भाकरी. शिवाय त्या तिला चंद्रा म्हणायच्या. चंद्रा हे तिचं माहेरचं नाव. कावेरी हे मी लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं.

चार महिन्यांत ती अर्ध्या भाकरीवर आली. नर्सबाईंनी तिला एक कोरी वही दिली होती. सवत जे जे बोलेल ते लिहायचं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही. कावेरी मराठी चौथी शिकलेली, अक्षर टपोरं. वही तिच्या पेटीत असे. एका शुक्रवारी, कोर्टाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दोघी वजनाला दवाखान्यात गेल्या आणि मी पेटी उघडली.

चाळीसेक पानं होती. एका पानावर लिहिलं होतं, "इथं येताना मला कुणी विचारलं नाही. नाव बदललं तेव्हा विचारलं नाही. जेवावं की न जेवावं, एवढंच माझं होतं. ते पण सोडू का?" मी पुढं वाचत गेलो. आई होती, माहेरची म्हैस होती, नर्सबाई तर पानोपानी होत्या. मी कुठंच नव्हतो. बायका नवऱ्याचं नाव लिहीत नाहीत हे मला कळत होतं, पण एक साधं 'हे' तरी? एकदाही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "कावेरी नाव मी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ताट सरकवलं आणि उठली. त्यानंतर पाच दिवस ती पाण्याखेरीज कशाला शिवली नाही. नर्सबाई रोज आल्या, समोर बसून जेवल्या, ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. पाचव्या दिवशी तिला उठून बसताना आईचा आधार लागला आणि मी दवाखान्यात जाऊन नर्सबाईंपुढं सगळं कबूल केलं.

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या हातातली पट्टी गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शिकत व्हते तवा अशीच एक बाई आल्ती. तिच्या माह्येरच्यानं, नवऱ्यानं, डॉक्टरनं, समद्यांनी ठरवलं. चौघींनी धरून नळीनं पेज पाजली. मी पाय धरले व्हते. वजन वाढलं, समदे खूश. घरी गेली आन् महिन्यात वारली. पोट भरलं आमी तिचं. तिला कुनी विचारलं न्हाई." पट्टी पेटीत ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चंद्रानं एक गोष्ट विश्वासानं ठेवली व्हती, ती तुमी उचकली. माझ्याकडं काय आले? जा, तिला सांगा. आन् माफी मागाल तर बदल्यात जेव म्हनू नका."

मी घरी आलो. खोलीत आई होती, तिच्यासमोरच बायकोशी बोललो. तोवर मी तसं कधी बोललो नव्हतो. म्हणालो, "मी तुझी वही वाचली. चुकलो."

ती म्हणाली, "त्यात तुमी न्हवते, म्हनून राग आला?"

"हो."

"मला तुमचं भ्या वाटत न्हाई. ज्याचं भ्या वाटतं, आन् त्येला काय उत्तर द्यायचं, तेवढंच लिवलंय मी."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती सुखानं. दुसऱ्या दिवशी कावेरीनं तीन चमचे पेज घेतली. घेतली ती नर्सबाईंसमोर. मी कोर्टात होतो.

पुढं जवळजवळ वर्षभर हे चाललं. कधी चार पावलं पुढं, कधी दोन मागं. तिच्या गालावर मांस आलं, केस गळायचे थांबले, गोधडी एकच पुरू लागली. त्याच सुमारास नर्सबाईंची बीदरकडं बदली झाली. खरं सांगतो, हुकूम आल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. मोटारीच्या अड्ड्यावर कावेरी त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली की, सासरी येतानाही तशी रडली नव्हती. मी ट्रंक वर चढवत होतो. नर्सबाई मला म्हणाल्या, "मुन्शीजी, माझ्यावर लई जळले तुमी. मला ठावं हाये." मी खाली बघितलं. "जळा. पन रिकामे नका जळू. तिच्याजवळ बसत जा."

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी मी कोर्टाची शेरवानी चढवत होतो, तर कावेरी दारात येऊन उभी राहिली. हात पदरात गुंडाळलेले.

"अहो, ती सवत परत आलीय. रात्रीपासून बोलून राह्यली. आज माझ्याच्यानं जेवन व्हायचं न्हाई असं वाटतं."

मला पहिलं सुचलं ते एकच. म्हणालो, "नर्सबाईंना पत्र टाकू का? आजच्या टपालानं टाकतो."

"टाका," ती म्हणाली आणि खाली बसली. "पन ते जाईल, येईल. आधी तुमी ऐका."

मी शेरवानी काढून खुंटीला लावली.