चित्रकलेला कोण नापास होतं?

मोखाड्याकडच्या एका हायस्कुलात मी अकरा वर्षं चित्रकला शिकवते. असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मैत्रिणींना एक सांगायला घ्यावा, तर मागून चार निघतात. आणि दर वेळी सांगताना माझं बीपी वाढतं!

नोकरीचं पहिलंच वर्ष. सहा जणांना मी ‘क’ दिला, म्हणजे नापास. हेडसरांनी बोलावून घेतलं.

“मॅडम, चित्रकलेला कोण नापास होतं?”

“सर, वर्षभरात त्यांनी एक चित्र दिलेलं नाही.”

“मग काय झालं? चित्रच आहे ना!”

बरं, म्हटलं. त्यांचं बोट यादीवर खाली सरकलं. एका मुलीला मी ‘अ’ दिला होता. हात असा, की बघत राहावं!

“ही गणितात काठावर आहे. हिला ‘अ’ कसा?”

शेवटी सगळ्या वर्गाला ‘ब’. कागद देणाऱ्यांना ‘ब’, न देणाऱ्यांनाही ‘ब’!

*

आमचे गणिताचे सर. परीक्षा जवळ आली की दारात उभे. “मॅडम, तुमचा तास घेतो हं.” विचारत नाहीत, कळवतात!

एकदा मीच कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या वर्गावर गेले. “सर, आज तुमचा तास मी घेते.”

“जोक चांगला आहे,” म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.

त्याच महिन्यात स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला म्हणतात, “मॅडम, पोरांना भूमितीच्या आकृत्या काढता येत नाहीत. तुम्ही तासाला करता काय?”

*

एकदा तपासणीला साहेब आले. भिंतीवर जामसरच्या एका मुलीचं चित्र लावलं होतं. उन्हाळ्यातला माळ, आणि मधोमध काळाकुट्ट चौकोन.

“शाई सांडली तर कागद बदलून द्यावा, मॅडम.”

मुलगी तिथेच होती. म्हणाली, “शाई नाय साहेब, राब हाये. भाताचं बी टाकायच्या आधी पालापाचोळा जाळतो, ती जागा.”

साहेबांनी मान डोलावली. “छान. मग हिरवी दाखव ना!”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

*

गेल्या वर्षी हेडसर माझे मार्क स्वतः तपासायला लागले. मी म्हणे मनाला येईल तसे देते!

नववीला विषय दिला होता, ‘माझं घर’. सुगंधा खोडाळ्याकडची, शिकायला वसतिगृहात राहते. तिनं कुडाचं घर काढलं होतं. सारवलेलं अंगण, वळचणीला टांगलेलं सूप, दाराला कुलूप. कुडाची एकेक काडी मोजून घ्यावी, असं काम. मी पंचवीसपैकी चोवीस दिले.

हेडसरांनी लाल पेन उघडलं. “घरात माणसं कुठायत? चित्र अपूर्ण. पाच कमी करा.”

“सर, तिलाच विचारा.” मी सुगंधाला बोलावून आणलं.

“माणसं कुठायत गं?”

“मागं हायेत, सर.”

त्यांनी कागद उलटला. मागे वीटभट्टी होती. आईच्या डोक्यावर विटा, बाप चिखल तुडवतोय, धाकटी बहीण गोणपाटावर झोपलेली.

“दिवाळी झाली की भिवंडीला जातात,” सुगंधा म्हणाली.

हेडसरांनी पुढची बाजू बघितली, परत मागची बघितली. मग कागद माझ्या हातात दिला.

“मागच्या बाजूला मार्क देता येत नाहीत, मॅडम.”