धाऊची गाडी आणि रंभावहिनीचा पाय

धाऊ माझा शेजारी, आणि नोकरीची पंचवीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत काढली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं मी त्याचं कौतुक करायला लागलो की लोक म्हणतील, शेजारधर्म पाळतोय. मी एसटीत कंडक्टर होतो, मुरबाड-टोकावडे याच पट्ट्यात. धाऊ त्याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. माझी गाडी थांब्याला लागायच्या आधी हा पठ्ठ्या तिथं हजर, आणि "चला मुरबाड, मुरबाड!" करत माझे पॅसेंजर उचलून पसार. नवाच्या जीपमध्ये पंधरा माणसं कोंबायचा आणि सोळाव्याला म्हणायचा, "जागा हाय ना, दारातली काय कमी हाय?" वर संध्याकाळी कुंपणापलीकडून विचारपूस: "काय कंडक्टर, आज गाडी मोकळीच पळवली का?" रक्त उकळायचं माझं.

तीन वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वरून. जीप विकली. धाऊ ओट्यावर बसायला लागला. समोरून जीप गेली की मान वळवायची आणि ती दिसेनाशी झाली की पुन्हा जमिनीकडं बघायचं, एवढाच त्याचा उद्योग. मी रिटायर होऊन घरी आलो होतो. कुंपणापलीकडून कुणी टोमणा मारेना, तसं मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मला त्याची दया येत होती आणि त्याची दया यावी याचाच मला राग येत होता.

मग एक दिवस टेम्पोला बांधून एक मारुती आठशे त्याच्या अंगणात आली. मुरबाडच्या कुणा डॉक्टरांची, कित्येक वर्षं चिंचेखाली पडून असलेली. पत्रा गंजलेला, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. मी कुंपणाशी जाऊन म्हणालो, "धाऊ, पोल्ट्री काढतोस का?" तो हसला. किती महिन्यांनी हसला असेल! मग म्हणाला, "कंडक्टर, म्हशाच्या जत्रेला जायचाय."

"मग एसटीनं जा की."

"रंभीला न्यायचीय," तो म्हणाला.

रंभी म्हणजे त्याची बायको, आमची रंभावहिनी. इतकी वर्षं पौषातल्या जत्रेला त्यानं आख्ख्या पट्ट्यातली माणसं म्हसा गावाला पोचवली. जत्रा म्हणजे त्याचा सीझन. पहाटे निघायचा तो रात्री यायचा. रंभावहिनी त्याला भाकऱ्या बांधून द्यायची आणि घरी राहायची. लग्न होऊन आली तेव्हा "पुढच्या वर्षी नेतो" म्हणाला होता, ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. "दुसऱ्यांच्या बायका नेल्या रे मी जत्रेला," तो म्हणाला. "माझी ऱ्हायली. आता तिला पुढच्या सीटवर बसवून न्यायची. माझ्या हातानं."

माझ्या मुलाची नवी कोरी गाडी दारात उभी होती. मी म्हणालो, आपण सगळेच जाऊ, त्यात काय! धाऊनं त्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या गाडीत जायाचा असता तं तुझ्या एसटीनंच गेली नसती का?"

कामाला लागला तो. जमिनीवर पाट टाकून बसायचा, कुबड्या बाजूला, आणि घसरत घसरत गाडीखाली शिरायचा. रंभावहिनी पाने द्यायची. तिला पान्यांचे नंबर कळत नव्हते, म्हणून दोघांनी नावं ठेवली होती: थोरला, मधला, वाकडा आणि रुसका. रुसका कशालाच नीट बसायचा नाही. दर आठवड्याला धाऊ भंगारवाल्यांकडं जायचा आणि पोत्यातून काहीतरी घेऊन यायचा. पुढची सीट दुसऱ्या उंच गाडीची, कारण मारुतीत वाकून बसणं त्याला जमेना. आरसे टेम्पोचे. मागचे स्प्रिंग व्हॅनचे. मी रोज जाऊन काहीतरी कुजकं बोलून यायचो. "धाऊ, हिला कुत्र्याचं शेपूट लाव, तेवढंच राहिलंय." माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण खरी अडचण क्लचची होती. उजवा पाय धड होता, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर जमत होते. क्लच डाव्या पायाचा. नकली पाय त्यानं लावून बघितला, पण क्लच किती दाबला गेला हे नकली पायाला कळत नाही. गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची.

त्यावर त्यानं काढलेली पहिली तोड ऐका. मोडीत निघालेली एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी त्याला सापडली. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच असतो. तो उचकटून धाऊनं आपल्या गाडीत डाव्या बाजूला बसवला आणि त्या सीटवर बसवलं रंभावहिनीला! भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात दोघं नवराबायको गाडी चालवायला लागली. हा गिअरवर हात ठेवून ओरडायचा, "दाब!" ती दाबायची. "सोड गो, हळू सोड!" ती सोडायची. बांधावर आख्खी आळी गोळा झालेली. चार दिवसांत वहिनी इतकी तरबेज झाली की त्यानं तोंड उघडायच्या आत तिचा पाय खाली. गाडी लोण्यासारखी चालली. मी टाळ्या वाजवल्या, हेही कबूल करतो.

"झाला की काम," वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाली. "मी दाबीन की म्हशापर्यंत."

धाऊनं मान हलवली. "नाय."

"का नाय?"

"तू क्लच दाबत जाणार, तं मी तुला नेली कशी? तूच मला नेलास."

ती चिडली, मीही चिडलो. म्हटलं, अरे, जत्रा महिनाभरावर आलीय, चालतंय ते चालू दे! पण हा गडी हटेना. तिनं बसायचं, बघायचं, बाकी काही करायचं नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. आता मला त्याचा हट्ट कळतो. तेव्हा वाटलं, पाय गेला पण माज गेला नाही.

मग त्यानं हातानं ओढायचा क्लच केला. एका जुन्या गाडीचा हँडब्रेकचा दांडा आणून दोन सीटच्या मध्ये बसवला, त्याला क्लचची केबल जोडली. दांडा ओढला की क्लच दाबला जातो. उत्तम. मोठ्या तोऱ्यात एकटा शेतात निघाला. गाडी सुरू केली, डाव्या हातानं दांडा ओढला आणि गिअर टाकायला गेला तर हातच नाही. डावा दांड्यावर, उजवा स्टीअरिंगवर. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण गिअरही डाव्याच हातानं टाकतात हे विसरला! घाईत त्यानं स्टीअरिंग सोडून उजव्या हातानं गिअर टाकला आणि गाडी थेट माझ्या पेंढ्याच्या उडवीत घुसली. आतून आवाज आला, "कंडक्टर, लाष्ट स्टॉप आला का?"

मी हसलो, पण त्याचा चेहरा उतरला होता. त्यानंतर दोन दिवस तो पुन्हा ओट्यावर जमिनीकडं बघत बसला. मला ते बघवेना. काहीतरी निमित्त काढून मी त्याला मुरबाडला घेऊन गेलो. स्टँडवरून रिक्षा केली. अर्ध्या वाटेत धाऊ पुढं वाकला आणि रिक्षावाल्याच्या डाव्या हाताकडं टक लावून बघत राहिला. बोटांनी क्लच दाबायचा, त्याच मुठीनं गिअर फिरवायचा. एकच हात. धाऊनं माझी मांडी अशी दाबली की वळ उठला. "थांबव रे," तो रिक्षावाल्याला म्हणाला, "पयला भंगारात घे!"

आपला हात जगन्नाथ, दुसरं काय. रिक्षाचा क्लचचा दांडा त्यानं मारुतीच्या गिअरच्या दांडीवरच वेल्डिंग करून बसवला. पण रिक्षाचा क्लच हलका आणि गाडीचा जड, बोटांनी ओढेना. मग एका मोठ्या गाडीचा ब्रेक हलका करणारा डबा आणला, जो इंजिनच्या ओढीवर चालतो. तो त्यानं क्लचला जोडला. बोटांनी थोडं ओढायचं, उरलेला जोर डबा लावतो. तीनदा बिघडला, चौथ्यांदा चालला. कल्याणला आरटीओत गाडी रीतसर दाखवली. साहेबांनी त्याला चढावर थांबवून पुन्हा गाडी काढायला लावली. गाडी बोटभर मागं आली नाही. साहेबांनी बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, "कुठल्या गॅरेजला केलंत?" धाऊ म्हणाला, "अंगणात." मी शेजारी उभा होतो. छाती माझीच फुगली, लाज वाटायला हवी होती खरं तर.

पौष पौर्णिमा आली. सकाळी धाऊनं डाव्या बाजूचा तो क्लच खोलून काढला आणि तिथं कोरी चटई टाकली. रंभावहिनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून पुढं बसली. मला मागं बसवलं. मी टपावर दोनदा थाप मारली, डबल बेल. धाऊ मागं वळून म्हणाला, "कंडक्टर, आज तुझी गाडी मोकळी नाय."

गाडी निघाली. सरळगाव गेलं, मुरबाड मागं पडलं, म्हशाच्या वाटेला बैलगाड्या, टेम्पो, माणसांची रांग. थांबा, निघा, थांबा, निघा. धाऊचा डावा हात गिअरवर झरझर चालला होता. मागं बसून मला एक गोष्ट दिसत होती. दर वेळी त्याची बोटं आवळली की वहिनीचा पाय चटईवर दाबला जायचा. तिचं लक्ष बाहेर होतं, बैलांच्या झुलींकडं, खांद्यावर घोंगड्या घेऊन परतणाऱ्या लोकांकडं. पण पाय मात्र कामावर होता. दाब, सोड, दाब, सोड.

धाऊलाही ते दिसलं असावं. लांब आकाशपाळण्याचं टोक दिसायला लागलं तेव्हा त्यानं गाडी सावलीला घेऊन उभी केली.

"रंभे," तो म्हणाला, "पाय वर घे."

"काय झाला?"

"काय नाय झाला. आज मांडी घालून बस."

तिनं एकदा चटईकडं बघितलं. मग चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले, लुगडं सावरलं आणि त्या उंच सीटवर ऐसपैस मांडी घालून बसली. धाऊनं क्लच आवळून गिअर टाकला आणि खिडकीची काच खाली करून, तीन वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "चला म्हसा, म्हसा, म्हसा!"