निळ्या काठाचा वाडगा

आज मांडणी पुसताना निळ्या काठाचा वाडगा हाती आला. जॉर्जिया देशातल्या एका डोंगरी शाळेत मी एकटीच स्वयंसेवक म्हणून गेले होते. शेजारच्या नीनोआजींनी याच वाडग्यातून राजम्याचं सूप दिलं. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून मी पोहे घालून दिले. पाहुणीचं नुसतं कसं घ्यायचं, म्हणून त्यांनी अक्रोड पाठवले. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघीही थांबेनात. मैत्रीला भाषा लागते असं मला वाटायचं. खरं तर दोन्हीकडून थोडा हट्ट लागतो.

निघताना सामान बांधलेलं, वाडग्यात घालायला काहीच नव्हतं. आजींनी तो उलटा करून पाहिला, मान हलवली आणि माझ्याच पिशवीत कोंबला. ‘भरून आण,’ असं हातानंच बजावलं.

पोहे तिथवर टिकायचे नाहीत. चकल्या न्याव्यात.